आधी खुर्ची, मग कुदळ : घरापुढच्या लहान जागेत बारमाही फुलबाग

नर्सरीतून येताना गाडीच्या डिकीत चौदा रोपं होती आणि चौदाही वेगवेगळी. एक गुलाब, एक जास्वंद, एक मोगरा, एक जर्बेरा, कसलीशी रंगीत पानं, आणि नाव न विचारताच उचललेली दोन-तीन. पुण्यात घरापुढे वीस फूट बाय चौदा फूट जागा मिळाली होती आणि मला एका पावसाळ्यात बाग करायची होती. दिवाळीपर्यंत सहा रोपं गेली. उरलेली नवख्या पाहुण्यांसारखी एकमेकांपासून अंतर राखून उभी होती. फुलं येत होती, पण बाग दिसत नव्हती.

पुढची तीन वर्षं उपटणं, हलवणं, पुन्हा लावणं यात गेली. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. उदाहरण माझ्याच जागेचं घेते, कारण तिची फूटपट्टी मला पाठ आहे. पूर्वेला घर आणि ओसरी, पश्चिमेला फाटक आणि रस्ता, दक्षिणेला शेजाऱ्यांची दहा फुटी भिंत, उत्तरेला चार फुटी कुंपण. तुमची जागा वेगळी असेल, पण हिशेब हाच.

पहिलं काम : खुर्ची टाकून बसा

काही विकत आणू नका, काही खणू नका. ज्या जागेवरून बाग रोज दिसणार आहे तिथे खुर्ची टाका. ओसरी असेल, स्वयंपाकघराची खिडकी असेल, जिन्याची पायरी असेल. मग स्वतःला विचारा, मी इथे किती वाजता असते? सकाळी डबे भरून बाहेर पडणाऱ्या आणि साडेसहा-सातला परतणाऱ्या माणसाची बाग संध्याकाळची हवी. निवृत्त माणसाची सकाळची चालेल.

हे उगाच सांगत नाही. दिवेलागणीच्या वेळी डोळ्यांना लाल रंग सगळ्यात आधी दिसेनासा होतो. माझी लालभडक जास्वंद दुपारी रस्त्यावरून ओळखू यायची आणि सात वाजता ओसरीतून काळा गोळा दिसायची. एक तर ती तोवर मिटायला लागलेली असते, आणि जे उरतं तेही अंधारात विरतं. तिच्याच शेजारची साधी तगर मात्र शेवटच्या उजेडापर्यंत चमकत राहायची. संध्याकाळच्या बागेत पांढरा आणि फिका पिवळा हवा, आणि जोडीला वास. मोगरा, जुई, निशिगंध, अनंत. गुलबक्षी चार-पाचच्या सुमाराला उघडते, म्हणजे अगदी चहाच्या वेळेला. रातराणी मात्र खिडकीपासून दहा-पंधरा फूट तरी लांब लावा. जवळून तिचा वास अनेकांच्या डोक्यात जातो.

मधुमालती या बाबतीत वेगळीच आहे. तिची फुलं संध्याकाळी उमलतात तेव्हा पांढरी असतात, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतात आणि नंतर लाल. एकाच झुबक्यात तीन दिवसांचा हिशेब लोंबत असतो. फाटकावर कमान करायची तर हीच वेल, पण कमान लोखंडी करा. बांबूची कमान दोन-तीन वर्षांत तिच्या वजनाने वाकते.

दुसरं : ऊन मोजा, पण मे महिन्यातलं नव्हे

इथे मी पुरती फसले होते. जागा मे महिन्यात पाहिली. दक्षिणेच्या भिंतीच्या पायथ्याशी दुपारभर रणरणतं ऊन. म्हटलं, शेवंतीला यापेक्षा चांगली जागा कुठली? जूनमध्ये ओळीने लावली. डिसेंबरात रोपं उंच, किडकिडीत, एका बाजूला कललेली, आणि फुलं बोटांवर मोजण्याइतकी.

कारण साधं आहे. मेच्या मध्याला पुण्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तोच तो शून्य सावलीचा दिवस. त्या सुमाराला भिंतीला दुपारी सावलीच नसते. २१-२२ डिसेंबरला मात्र तो दक्षिणेकडे इतका कललेला असतो की भर दुपारीही सावली वस्तूच्या उंचीच्या सुमारे नव्वद टक्के पडते. दहा फूट भिंत, नऊ फूट सावली. माझ्या चौदा फुटांतले नऊ फूट हिवाळाभर सावलीत! कोल्हापुरात हे प्रमाण थोडं कमी, सुमारे पंचाऐंशी टक्के. नागपुरात जवळजवळ उंचीइतकंच. मार्चच्या आणि सप्टेंबरच्या विसाव्या-बाविसाव्या तारखेला पुण्यात तीच भिंत साडेतीन फुटांच्या आतबाहेर सावली टाकते.

म्हणून टेप घ्या, तुमच्या दक्षिणेला जे काही उभं आहे त्याची उंची मोजा (भिंत, शेजारचा बंगला, आंब्याचं झाड) आणि तिच्या उत्तरेला तेवढ्या अंतरावर खुंट्या ठोका. खुंट्यांच्या आतला पट्टा म्हणजे उन्हाळी पट्टा, बाहेरचा बारमाही. दक्षिणेला दुमजली घर असेल तर बहुतेक सगळी बाग हिवाळ्यात सावलीत जाईल. तसं असेल तर शेवंती आणि गुलाबाचा नाद सोडा, ते गच्चीवर कुंडीत होतात.

यातून सुचलेली तोड अशी की भिंतीच्या पायथ्याशी जी झाडं हिवाळ्यात झोपतात तीच लावायची. मोगऱ्याला थंडीत विश्रांतीच हवी असते, त्याचा बहर उन्हाळ्यातला. सोनटक्का पावसाळ्यात फुलतो आणि नंतर मलूल होतो. दोघांनाही डिसेंबरच्या उन्हाशी देणंघेणं नाही. शेवंती, गुलाब, झेंडू, कुंद ही हिवाळी मंडळी उत्तरेच्या पट्ट्यात हलवली आणि त्याच रोपांनी पुढच्या डिसेंबरात मान वर काढली.

तिसरं : रांगोळीने आखा

वहीतला आलेख कागद घ्या, एक घर म्हणजे एक फूट. त्यावर वाफे काढा, मग तेच जमिनीवर रांगोळीने किंवा चुन्याच्या भुकटीने उतरवा. वळण हवं असेल तर पाण्याचा पाईप जमिनीवर टाकून त्याच्या कडेने रेघ मारा. मग दोन दिवस काही करू नका. फक्त त्या रेघांमधून ये-जा करा. कुठे पाय रेघेवर पडतो ते बघा आणि तिथे वाट रुंद करा.

माझ्या चौदा फुटांची वाटणी अशी झाली : भिंतीलगत तीन फुटांचा वाफा, मग साडेचार फूट मोकळी जमीन, अडीच फुटांची वाट आणि उत्तरेला चार फुटांचा वाफा. फाटकापासून ओसरीपर्यंतची वाट सरळ ठेवली. आधी मी तिला नागमोडी केली होती, चित्रात फार छान दिसते. पण गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेतलेला माणूस वळणं घेत नाही, तो झेंडूतून जातो.

आपला हात वाफ्यात आरामात दोन फूट पोचतो. एकाच बाजूने जाता येत असेल तर वाफा त्याहून फार रुंद नको. असेलच, तर मध्ये शहाबादी फरशीचे तुकडे टाका, तण काढायला पाय ठेवायला जागा होते. मोकळ्या जागेत हिरवळ लावायचा मोह होईल. एवढ्याशा जागेत ती पाणी खाते, कापत राहावी लागते आणि सावलीत टक्कल पडतं. आम्ही जमीन चोपून तशीच ठेवली आहे. सिमेंटची हरणं आणि बगळे यांबद्दल माझी मतं तीव्र आहेत, ती इथे नकोत.

चौथं : माती

नवीन घरांपुढे वरची सहा इंच माती दाखवायची असते, खाली राडारोडा. खणा. विटांचे तुकडे, सिमेंटचे गठ्ठे, तारा निघतील त्या काढून टाका. मग एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा करून पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तीन-चार तासांत जिरलं तर उत्तम. सकाळपर्यंत तसंच राहिलं तर खड्डे करून झाडं लावू नका, पावसाळ्यात त्या विहिरी होतात. अशा वेळी वाफाच आठ-नऊ इंच उंच करा, कडेला विटा किंवा दगड लावा.

काळी माती पाणी धरून फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यात बारीक मुळं तुटतात. तिच्यात पोयटा, जाडसर वाळू आणि भरपूर शेणखत मिसळा. कोकणातल्या जांभ्याच्या मातीचं उलटं : पाणी थांबत नाही आणि त्याबरोबर अन्नही वाहून जातं, त्यामुळे तिथे खत थोडंथोडं, पण वारंवार. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. मूठभर हातात घेऊन वास घ्या. पावसानंतरच्या मातीसारखा वास आला तर घाला, शेणाचा आला तर अजून दोन महिने झाकून ठेवा. कच्च्या खतातून हुमणी येते, आणि ती मुळं कुरतडते.

पाचवं : आधी मोठं झाड

लहान जागेत एकच झाड, आणि ते शक्यतो उत्तरेच्या बाजूला, म्हणजे त्याची दुपारची सावली कुंपणाबाहेर पडते. आमचं वायव्य कोपऱ्यात आहे, त्यामुळे उन्हाळ्यात तिन्हीसांजेला मावळतीचं ऊनही थोडं अडतं. निवड चाफा की पारिजातक अशी होती. चाफ्याची पानं हिवाळ्यात गळतात, ऊन आत येतं, बुंध्याची आकृती नुसती बघत बसावी अशी. तरी घरात पारिजातकाचा विजय झाला.

पारिजातकाची फुलं रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. म्हणजे हे झाड वर बघायचं नाहीच, खाली बघायचं आहे. लोक त्याच्या बुंध्याशी कुंड्या मांडतात, फर्न लावतात आणि सगळा सडा त्यात हरवतो. आम्ही सहा फूट जमीन मोकळी सोडली. संध्याकाळी ती झाडायची, पावसाची उघडीप असली तर सारवायची. सकाळी सहा वाजता ओल्या काळ्या जमिनीवर ती फुलं केशरी देठ वर करून पालथी पडलेली असतात, एकेक सुटी. फुलांची मांडणी करायची ती जमीन मांडून, हे मला या झाडाने शिकवलं.

तसंच पाठीमागच्या रंगाचं. शेजाऱ्यांची भिंत पांढरी होती आणि तिच्यापुढे मोगरा. दिसणार काय? शेजाऱ्यांना विचारून आमच्या बाजूने भिंतीला गेरूच्या रंगाचा हात मारला. आता त्यावर मोगऱ्याचा बहर वारली चित्रासारखा उठून दिसतो. फूल बदलण्याआधी पाठीमागचं बदलून बघा, स्वस्त पडतं.

सहावं : ठिपके नकोत, ताटवे करा

सप्टेंबरात कास पठारावर गेला असाल तर आठवा. तिथे एकेक फूल नखाएवढं. तरीही डोळे फाटतात, कारण तेरड्याचा गुलाबी पट्टा संपतो तिथे गेंदाचा पांढरा सुरू होतो, पलीकडे सोनकीचा पिवळा. कातळावरच्या बोटभर मातीत उगवलेली ही फुलं चौदा जातींची चौदा झाडं अशी उभी नसतात, एका वेळी एक जात आपला प्रदेश व्यापते.

घरच्या वाफ्यातही हाच नियम. सहा जातींची एकेक रोपं घेण्यापेक्षा दोन जातींची प्रत्येकी पाच-सात घ्या. शेवंती एकेक फुटावर, झेंडू सव्वा-दीड फुटावर, मोगरा चार फुटांवर, गुलाब अडीच-तीन फुटांवर. ओळी शाळेच्या प्रार्थनेसारख्या लावू नका. तिरक्या, एकमेकींत घुसणाऱ्या लांबट पट्ट्या करा म्हणजे एक जात ओसरली तरी भगदाड दिसत नाही. उंच मागे, बुटकी पुढे हे खरंच, पण एखादं हलकं उंच झाड, जसा निशिगंधाचा दांडा, पुढेही चालतं. त्यातून पलीकडचं दिसतं.

रंगांबद्दल माझा एकच आग्रह आहे : दुपारच्या बागेसाठी भगवा, पिवळा, किरमिजी. आपल्या उन्हात फिका गुलाबी विटलेल्या साडीसारखा दिसतो. तो सावलीच्या बाजूला द्या, तिथे खुलतो. अबोलीचा केशरीसुद्धा अर्धसावलीत जास्त टिकतो.

आणि देवाची फुलं वेगळी लावा. आमच्या सासूबाई सहा वाजता परडी घेऊन निघायच्या आणि मी सात वाजता चहा घेऊन बाहेर यायचे तोवर बाग सोललेली असायची. दोघीही आपापल्या जागी बरोबर. शेवटी घराच्या मागच्या दाराशी तगर, जास्वंद, गोकर्ण आणि दूर्वा असा चार फुटांचा तुकडा फक्त परडीसाठी केला. पुढची फुलं तोडायची नाहीत, पारिजातक अपवाद, तो स्वतःच खाली येतो. आता घरात शांतता आहे.

कोपऱ्यात एक लिंबू किंवा कढीपत्ता असू द्या. त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे काळे-पांढरे ठिपके हलताना दिसले तर घाईने चिरडू नका, त्या फुलपाखरांच्या अळ्या आहेत. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. लहान मुलं किंवा कुत्रं असेल तर कण्हेर आणि बिट्टी लावू नका. दोन्ही विषारी.

रोजचं काम

पाणी सकाळी आणि मुळाशी. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर आज पाणी नको. घरच्या झाडांपैकी निम्मी प्रेमानेच बुडून मरतात. पाचोळा जाळू नका, वाफ्यावर दोन-तीन इंच पसरा. उन्हाळ्यात पाण्याची एक पाळी वाचते. जास्वंदीवर कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला की आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून खाली पाडा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे थोडे थेंब मिसळून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा. मुंग्यांची रांगही शोधा, त्याच त्याला फांदीवरून फांदीवर नेतात.

वर्षभराची पाळी

पाडव्याच्या सुमाराला मोगरा सुरू व्हायला हवा असेल तर तयारी डिसेंबरातच होते. पाणी तोडा. पानं पिवळी पडू लागतील, पडू द्या. जानेवारीच्या अखेरीला छाटणी करा, उरलेली पानं काढा, माती हलवून शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड द्या आणि मग पाणी सोडा. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर येते. न छाटलेला मोगरा पानांचं झुडूप होऊन बसतो, आणि "आमच्या मोगऱ्याला फुलंच येत नाहीत" ही तक्रार बहुतेक याच मोगऱ्याची असते.

मार्च-एप्रिलमध्ये निशिगंधाचे कंद लावा, तीनेक महिन्यांत दांडे येतात. जूनच्या पहिल्या पावसात तेरड्याचं बी टाका. गौरी-गणपतीपर्यंत तो फुलतो, आणि तेरड्याची गौर बसवणाऱ्या घरात बाजारातून काही आणावं लागत नाही. त्याच महिन्यात सोनटक्क्याचे गड्डे नळाजवळच्या ओलीत घाला.

झेंडूसाठी पंचांग काढा. दसऱ्याच्या तारखेपासून तीन महिने मागे मोजा आणि त्या आठवड्यात बी टाका. तीन-चार आठवड्यांनी रोपं वाफ्यात लावा, वीतभर झाली की शेंडा खुडा. खुडताना जीव तुटतो, पण एका दांड्याचे चार होतात. गेल्या वर्षीच्या तोरणातली सुकी फुलं चुरडून टाकली तरी रोपं उगवतात. मात्र संकरित झेंडू असेल तर पोरं आईसारखी निघत नाहीत.

शेवंतीचाही शेंडा जुलै-ऑगस्टात एक-दोनदा खुडा, त्यानंतर हात लावू नका. तिला कळी धरायला रात्र मोठी लागते. रस्त्यावरचा दिवा रात्रभर तिच्यावर पडत असेल तर ती दिवाळी विसरून नुसती वाढत राहते. आमच्याकडे फाटकाजवळचा एक गुच्छ महिनाभर मागे राहायचा, तिथे आता सदाफुली आहे. तिला दिवसरात्रीचं काही पडलेलं नसतं.

पाऊस पूर्ण थांबला, बहुधा ऑक्टोबरच्या मध्यानंतर, की गुलाब छाटा. धारदार कात्रीने, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवी फूट येते त्या उंचवट्याच्या) वर, तिरका काप. कलमाच्या सांध्याखालून फुटलेला फुटवा मुळापासून काढा, तो खुंटाचा जंगली गुलाब आहे आणि वर्षभरात आपल्या गुलाबाला गिळतो. छाटणीनंतर साधारण दीड महिन्याने फूल. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन असतं, तिथे तेव्हाचे गुलाब बघून या. मात्र जाताना पिशवी घरी ठेवा.

थंडीत कुंद पांढराशुभ्र फुलतो, वास जवळजवळ नाही. शेवंती जानेवारीअखेर ओसरली की उपटू नका. जमिनीपासून चार बोटं ठेवून कापा, पाणी कमी करा. फेब्रुवारीत बुंध्याभोवती हिरवे फुटवे दिसतील. ते मुळासकट वेगळे करा, उत्तरेच्या वाफ्यात फूटभराच्या अंतराने लावा. एका झाडाचे दहा-बारा होतात, तेवढी जागा कुणाकडे असते? जादाचे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच संध्याकाळी शेजारी द्या, आणि देताना त्यांची दक्षिण कुठली ते विचारा.